मुंबईच्या गच्च्या आणि सूर्याची वीज

मुंबईची बरीचशी वीज पूर्वीपासून बाहेरून आली. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीत पडणाऱ्या पावसावर शहरातल्या कापड गिरण्या चालू लागल्या. पुढच्या बारा वर्षांत भिवपुरी आणि भिरा ही केंद्रे उभी राहिली. त्यानंतर ट्रॉम्बे आणि डहाणूच्या औष्णिक केंद्रांनी भार उचलला. आज उन्हाळ्यातल्या कडक दुपारी शहराची मागणी ४,००० मेगावॅटच्या घरात जाते. शहराची स्वतःची केंद्रे एवढी वीज पुरवू शकत नाहीत, त्यामुळे उरलेली वीज खाडी आणि डोंगर ओलांडणाऱ्या मोजक्या पारेषण वाहिन्यांवरून आणावी लागते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ही साखळी तुटली, तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या आणि बहुतेक शहर काही तास विजेविना राहिले. मुंबईने सौरऊर्जा कशी स्वीकारावी याचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. तो केवळ पर्यावरणाचा प्रश्न नाही. शहराची वीज कुठून येते, तिचे पैसे कोण भरतो आणि बचत कोणाच्या पदरात पडते, हे तिन्ही प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठेवले. २०१९ साली शहरातून सुमारे २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचे उत्सर्जन झाले, असे हा आराखडा सांगतो. त्यातला जवळपास ७२ टक्के वाटा इमारती व उद्योगांतल्या ऊर्जावापराचा, म्हणजे प्रामुख्याने विजेचा होता. वाहतुकीचा वाटा २० टक्के आणि कचऱ्याचा उरलेला. शहराला जी वीज मिळते तिच्यात कोळशाचा भाग मोठा असल्यामुळे हा आकडा इतका फुगतो. रस्त्यावरच्या बस आणि मोटारी विजेवर आणल्या तरी ती वीज कोळशाचीच असेल, तर धूर शहरातून उठून दुसऱ्या गावावर जातो, एवढेच. म्हणून विजेचा स्रोत बदलणे हे या आराखड्यातले सर्वांत मोठे काम ठरते.

ऊन मुंबईला कमी नाही. शहर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि वर्षाची सरासरी काढली, तर दर चौरस मीटरवर दिवसाला ५ युनिटच्या आसपास सौरऊर्जा पडते. आजच्या चांगल्या पॅनेलमधून तिच्यातला एक पंचमांश भाग विजेत बदलतो. व्यवहारात एक किलोवॅट क्षमतेच्या संचाला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. असा संच दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो. मार्च ते मे हे भरभराटीचे महिने. जुलै-ऑगस्टमध्ये ढगांचा पडदा हटत नाही, तेव्हा उत्पादन निम्म्यावर येते. पावसाळ्यात आभाळ सलग भरलेले असले तरी उत्पादन पूर्ण थांबत नाही, कारण ढगांतून झिरपणाऱ्या उजेडावरही पॅनेल थोडीफार वीज बनवते.

या उन्हातले किती शहराच्या छतांवर पकडता येईल, याचा पद्धतशीर अंदाज २०१६ साली मांडला गेला. आयआयटी मुंबईतील राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन व शिक्षण केंद्राने इतर संस्थांबरोबर बृहन्मुंबईच्या छतांचा अभ्यास केला आणि छतांवरची सौरक्षमता १.७२ गिगावॅट, म्हणजे १,७२० मेगावॅट काढली. हा आकडा मोठा आहे, पण तो नीट वाचायला हवा. सौर संचाची क्षमता भर दुपारची असते. रात्री तो शून्यावर असतो. सगळी छते भरली तरी वर्षाला सुमारे २५० कोटी युनिट वीज मिळेल आणि ती शहराच्या वार्षिक गरजेच्या साधारण एक दशांश भरेल. ज्यांना सौरऊर्जेत शहराची संपूर्ण स्वयंपूर्णता दिसते त्यांची यातून निराशा होईल. पण उन्हाळ्यातल्या दुपारी, वातानुकूलन यंत्रांमुळे मागणी वर चढत असताना आणि वाहिन्यांवर ताण असताना शहरातच तयार होणाऱ्या हजार-दीड हजार मेगावॅटची किंमत युनिटांच्या हिशोबात मावत नाही.

अडचण इमारतींच्या आकाराची आहे. चाळीस मजली टॉवरच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, जिन्याचे डोके आणि मोबाइलचे मनोरे वगळून ५,००० चौरस फूट जागा उरली असे धरले, तर तिथे ५० किलोवॅटचा संच बसेल आणि दिवसाला २०० युनिट मिळतील. इमारतीत १६० घरे असतील आणि प्रत्येक घर दिवसाला १० युनिट वापरत असेल, तर घरांचीच गरज १,६०० युनिट होते. म्हणजे टॉवरची गच्ची लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यांतले आणि आवारातले दिवे यांच्या खर्चाला हातभार लावू शकते, घरांच्या विजेला नाही. उलट तीन-चार मजली जुनी इमारत, शाळा, गोदाम, बसचा डेपो, कारखान्याची शेड यांची छते त्यांच्या गरजेच्या मानाने मोठी असतात. पुनर्विकासात शहर जसजसे उंच होत जाते तसतशी दरडोई छताची जागा आटते. नव्या टॉवरची सावली शेजारच्या जुन्या इमारतीवर पडते ती वेगळीच, आणि शेजाऱ्याचे ऊन अडवले म्हणून दाद मागण्याची सोपी वाट नाही.

तरीही सहकारी गृहनिर्माण सोसायटी हाच मुंबईतल्या सौर चळवळीचा सर्वांत आशादायक घटक आहे. सोसायटीच्या सामाईक मीटरवर वापर जास्त असतो, त्यामुळे तो वरच्या दराच्या टप्प्यात जातो आणि वाचलेला प्रत्येक युनिट महागडा असतो. ४० किलोवॅटच्या संचाचा खर्च किलोवॅटमागे ५० ते ६० हजार रुपये धरला, तर २० ते २४ लाख होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्यात विजेवरच्या वाहनांचे चार्जिंगही धरले जाते. म्हणजे ७ लाख २० हजार रुपये परत मिळतात. वर्षाला ५० हजारांहून अधिक युनिट वीज आणि युनिटमागे १० रुपये धरले, तर बचत ५ लाखांच्या पुढे जाते आणि उरलेला खर्च साधारण तीन वर्षांत भरून निघतो. पॅनेल २५ वर्षे चालते, इन्व्हर्टर मधे एकदा बदलावा लागतो. ठेवीवर बँक देते त्यापेक्षा हा व्यवहार उघडपणे चांगला आहे. अनुदान हवे असेल, तर पॅनेल आणि त्यातले सेल देशात बनलेले असावे लागतात, ही अट कोटेशन मागवतानाच तपासणे बरे.

एवढे सोपे गणित असूनही सोसायट्या अडतात, आणि अडतात त्या तांत्रिक कारणाने क्वचितच. सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करून घ्यावा लागतो. वरच्या मजल्यावरच्या सभासदाला गळतीची धास्ती असते. मुंबईच्या पावसात ती अवाजवी म्हणता येत नाही, कारण वॉटरप्रूफिंगमध्ये एकदा भोक पडले की त्याचा त्रास वर्षानुवर्षे चालतो. कोणाला गच्चीवर पापड-कपडे वाळवायचे असतात, कोणाला लग्नकार्यासाठी ती मोकळी हवी असते. सिंकिंग फंडातून पैसे काढायचे की सभासदांकडून वर्गणी घ्यायची, यावर सभा रेंगाळते. सर्वांत मोठा अडसर पुनर्विकासाचा. पाच वर्षांत इमारत पाडायची चर्चा चालू असलेली सोसायटी २५ वर्षांच्या संचात पैसे घालायला तयार होत नाही. पॅनेल उतरवून दुसरीकडे नेता येतात, पण सांगाडा, वायरिंग आणि परवानग्या यांचा खर्च पुन्हा करावा लागतो. कंपनीने स्वतःच्या पैशाने संच बसवायचा आणि सोसायटीने ठरलेल्या दराने वीज विकत घ्यायची, अशी पद्धतही रूढ आहे. सुरुवातीला पैसे घालावे लागत नाहीत म्हणून ती आकर्षक वाटते. मात्र करार बहुधा लांब मुदतीचा असतो आणि मधेच इमारत पाडायची ठरल्यास काय, हे कलम आधी वाचले गेले पाहिजे.

समुद्राकाठचे शहर पॅनेलपेक्षा त्याच्या सांगाड्याची परीक्षा घेते. खाऱ्या हवेत साधे लोखंड दोन-चार पावसाळ्यांत गंजते, म्हणून गरम जस्तात बुडवून काढलेले पोलाद किंवा ॲल्युमिनियम वापरावे लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी कुलाब्यात वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. उंच इमारतीच्या गच्चीवर वाऱ्याचा जोर रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि तिरपे ठेवलेले पॅनेल वर उचलले जाण्याचा धोका असतो. स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या वजनावर सांगाडा उभा करता येतो. त्याने गळतीची भीती जाते, पण जुन्या स्लॅबला ते वजन पेलेल का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्यावे लागते. अनेक सोसायट्यांनी गळती थांबवण्यासाठी गच्चीवर पत्र्याची शेड आधीच घातलेली आहे. अशा शेडवर, किंवा पत्र्याऐवजी उंच सांगाड्यावर पॅनेल बसवले, तर खालची जागा वापरात राहते आणि वरच्या मजल्यावरचा उकाडाही कमी होतो. यासाठीच्या उंचीच्या परवानग्या सोप्या करणे हे महापालिकेच्या हातातले काम आहे.

धूळ आणि कबुतरांची विष्ठा यांनी उत्पादन घटते, त्यामुळे कोरड्या महिन्यांत पंधरवड्याला पॅनेल धुवावे लागतात. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर टाकीची सावली पडली, तर साऱ्या ओळीचे उत्पादन कमी होऊ शकते. अशा ठिकाणी प्रत्येक पॅनेलला वेगळे नियंत्रण देणारी साधने थोडी महाग पडली तरी घ्यावीत.

गच्चीवरची वीज आणि ग्रिड यांचा मेळ नेट मीटरिंगने घातला जातो. दुपारी जास्त झालेले युनिट ग्रिडमध्ये जातात, संध्याकाळी तितकेच परत घेता येतात, आणि बिल फरकावर येते. आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटला मिळणारा दर कमी असतो, म्हणून वापरापेक्षा मोठा संच बसवण्यात फायदा नसतो. इथे एक गैरसमज सर्वत्र दिसतो. सौर संच आहे म्हणजे वीज गेली तरी आपल्याकडे दिवे राहतील, असे लोक धरून चालतात. बॅटरी नसलेला ग्रिडजोडीचा संच ग्रिड बंद पडताच आपोआप थांबतो. वाहिनीवर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराच्या जिवासाठी ते आवश्यक आहे. २०२० सारखा अंधार पुन्हा पडला, तर बॅटरी नसलेल्या छतांचा उपयोग होणार नाही. रुग्णालये, पाणी उपसा केंद्रे आणि अग्निशमन दल यांच्या इमारतींवर बॅटरीसह संच बसवण्याला म्हणूनच पहिली पसंती हवी.

आतापर्यंतचा विचार छत असलेल्यांचा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतील ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्ट्यांत राहतात. त्याशिवाय पागडीच्या इमारती, चाळी, झोपडपट्टी पुनर्वसनातले एकमेकांना खेटून उभे टॉवर आणि भाड्याची घरे आहेत. या कुटुंबांचे छतच नाही, किंवा असले तरी त्यावर त्यांचा हक्क नाही. सूर्यघर योजनेचे घरगुती अनुदान पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्यासाठी १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये आहे. बंगला किंवा बैठे घर असलेल्याला ते सहज मिळते. फ्लॅटमधल्या माणसाला अवघड, आणि धारावीतल्या माणसाला अशक्यच. सार्वजनिक पैशातून दिलेली मदत अशा रीतीने आधीच बऱ्या स्थितीत असलेल्यांकडे वळते. हा दोष दुय्यम मानून पुढे जाता येणार नाही. मोठ्या शहराच्या सौर धोरणाची खरी कसोटी इथेच लागते.

यावरचा उपाय म्हणजे आभासी नेट मीटरिंग. शाळेच्या छतावर, डेपोच्या शेडवर किंवा शहराबाहेर एकच मोठा संच उभारायचा आणि त्याची वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत त्यांच्या वाट्यानुसार वजा करायची. तारा बदलाव्या लागत नाहीत, फक्त हिशोब बदलतो. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मुंबईत चाळीतल्या शंभर बिऱ्हाडांनी किंवा महिला बचत गटांच्या महासंघाने महापालिकेच्या शाळेच्या छतावरच्या संचात वाटा घेणे ही आज तंत्राच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट आहे. आड येते ती वितरण व्यवस्थेची गुंतागुंत. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट, उपनगरांत अदानी, दोन्हीकडे परवाना असलेली टाटा पॉवर आणि भांडुप-मुलुंडमध्ये महावितरण, असे चार पुरवठादार एका शहरात आहेत. संच एकाच्या हद्दीत आणि वाटेकरी दुसऱ्याच्या हद्दीत असले, तर हिशोब कोणी ठेवायचा, हे राज्याच्या वीज नियामक आयोगाने स्पष्ट केल्याशिवाय अशा योजना मोठ्या होणार नाहीत.

वितरण कंपन्यांची नाखुषीही समजून घ्यावी लागते. वरच्या दराचे पैसे भरणारे ग्राहक सौरऊर्जेकडे गेले की गरीब ग्राहकाच्या दरातली सवलत कोणाकडून भरून काढायची, हा त्यांचा प्रश्न खरा आहे. तारा, उपकेंद्रे आणि माणसे यांचा खर्च ढग आलेल्या दिवशीही चालूच असतो. मात्र त्याचे उत्तर अर्ज रेंगाळत ठेवणे हे नव्हे. केंद्र सरकारने २०२४ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून १० किलोवॅटपर्यंतच्या संचांना तांत्रिक तपासणीशिवाय मान्यता गृहीत धरायला सांगितले. मोठ्या संचांनाही अशीच बांधील मुदत हवी.

शहराची पालिका वीज बनवत नाही, पण इमारतीचे नियम, मालमत्ता कर आणि स्वतःची छते या तीन गोष्टी तिच्या हातात असतात. बार्सिलोनाने १९९९ साली अध्यादेश करून नव्या आणि मोठी दुरुस्ती होणाऱ्या इमारतींना गरम पाण्याचा बराचसा भाग सौरऊर्जेतून मिळवणे सक्तीचे केले. पुढे स्पेनच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत तशीच तरतूद आली. टोकियोने एप्रिल २०२५ पासून मोठ्या बांधकाम कंपन्यांना नव्या घरांवर सौर पॅनेल बसवणे बंधनकारक केले. चंडीगडने २०१६ मध्ये ५०० चौरस यार्ड आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर सक्ती केली, पण मुदत वारंवार वाढवावी लागली. सक्ती नव्या बांधकामावर सहज लागू होते, कारण खर्च आराखड्यातच धरला जातो. राहत्या घरांवर ती लादली की विरोध होतो. तिथे सवलत कामी येते. पुणे महापालिका सौर संच, पर्जन्यजल संधारण किंवा गांडूळखत यांसाठी मालमत्ता करात ५ ते १० टक्के सवलत देते आणि पुण्यातल्या गच्च्यांवर पाणी तापवण्याचे सोलर घरोघरी दिसतात. मुंबईचा हिवाळा सौम्य असल्याने इथे पाण्याच्या सोलरचा उपयोग थोडा कमी, विजेच्या पॅनेलचा जास्त.

सुरतचे उदाहरण मुंबईकरांसमोर नेहमी ठेवले जाते. गुजरातने २०१९ मध्ये घरगुती छतांसाठी योजना आणली, पुरवठादारांची यादी आणि दर सरकारने ठरवून दिले, अनुदान थेट वजा होत असल्याने घरमालकाला फक्त आपला हिस्सा भरावा लागे. सुरतेत त्याला मोठा प्रतिसाद मिळाला. पण तिथे स्वतंत्र घरे आणि बंगले पुष्कळ आहेत. छताचा मालक एक असतो आणि निर्णय घरातच होतो. मुंबईने तिथून घ्यायचे ते पुरवठादारांची निवड आणि दर सरकारने ठरवण्याचे सूत्र. दहा कोटेशनांमध्ये गोंधळलेल्या सोसायटीच्या कमिटीला तेच सर्वांत उपयोगी पडेल.

छतांनी दहावा हिस्सा भरला तरी उरलेल्यासाठी बाहेर पाहावेच लागते. दिल्लीच्या २०२३ च्या सौर धोरणात ४,५०० मेगावॅटच्या लक्ष्यापैकी छतांवर फक्त ७५० मेगावॅट धरले असून बाकी दिल्लीबाहेरच्या प्रकल्पांतून घ्यायचे आहेत. हे प्रमाण प्रामाणिक आहे. दिल्ली मेट्रो २०१९ पासून मध्य प्रदेशातल्या रीवाच्या ७५० मेगावॅट प्रकल्पाची वीज वापरते. उपनगरांसाठी अदानीने राजस्थानातील जैसलमेरच्या सौर-पवन प्रकल्पातून वीज घ्यायला सुरुवात केली आहे. महापालिकेने मध्य वैतरणा धरणावर २० मेगावॅट जलविद्युत आणि ८० मेगावॅट तरंगत्या सौर पॅनेलचा प्रकल्प आखला. पाण्याच्या पाइपलाइनबरोबर वीजही तिकडूनच यावी, ही कल्पना मुंबईच्या घडणीला साजेशी आहे. मात्र बाहेरची वीज आत आणायला वाट लागते. ऑक्टोबर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, तेव्हा शहरात अधिक वीज आणण्याची सोय झाली. सौरऊर्जेच्या चर्चेत पारेषणाला क्वचितच जागा मिळते. मुंबईत मात्र त्याशिवाय ती चर्चा अपुरी राहते.

संध्याकाळचा प्रश्न उरतो. सूर्य मावळताना सौर उत्पादन शून्यावर येते आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही आणि एसी सुरू होतात. केंद्राच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीत उन्हाच्या तासांतला दर नेहमीपेक्षा १० ते २० टक्के कमी ठेवण्याची तरतूद आहे. स्मार्ट मीटर बसल्यावर धुण्याचे यंत्र, पाण्याचे पंप आणि वाहनांचे चार्जिंग दुपारी हलवणे घराला परवडू लागेल. उरलेली तफावत साठवणीने भरावी लागेल. भिरा इथे १५० मेगावॅटचे उदंचन केंद्र आधीपासून आहे. स्वस्त विजेवर पाणी वर चढवायचे आणि गरजेला खाली सोडून वीज करायची, असे त्याचे काम चालते. ऑगस्ट २०२३ मध्ये भिवपुरीजवळ १,००० आणि शिरवटा इथे १,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांसाठी टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात करार झाला. दुपारच्या सौर विजेने मावळातल्या तलावांत पाणी चढवून मुंबईच्या रात्री उजळता येतील. शतकापूर्वी याच डोंगरांनी गिरण्या चालवल्या होत्या, त्यामुळे जागा आणि जाणकार दोन्ही उपलब्ध आहेत.

संच बसवणे सोपे, टिकवणे अवघड. शहरातल्या अनेक शासकीय इमारतींवर पॅनेल बसतात, पण धुण्याचे आणि देखभालीचे कंत्राट नसेल तर ते दोन वर्षांत धुळीखाली जातात. निविदेत संचाच्या किमतीऐवजी दहा वर्षांच्या हमी उत्पादनाला पैसे दिले, तर ठेकेदारच पॅनेल स्वच्छ ठेवतो. २०१५ पासून चालणाऱ्या सूर्यमित्र प्रशिक्षणासारखे अभ्यासक्रम आयटीआयमधून वाढवले, तर उंचीवर सुरक्षा पट्टा बांधून काम करणारे, डीसी वायरिंगमधला आगीचा धोका ओळखणारे तंत्रज्ञ वॉर्डनिहाय तयार होतील. आज वाईट जोडणीतून उडणाऱ्या ठिणग्या हा या क्षेत्रातला खरा धोका आहे. जुने पॅनेल कुठे टाकायचे, हेही आताच ठरवायला हवे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत सौर पॅनेलचा समावेश झाला आहे. काच आणि ॲल्युमिनियम सहज वेगळे होतात. सेलमधली चांदी आणि जोडणीतले शिसे वेगळे करायला खास यंत्रणा लागते. मुंबई आणि ठाण्याच्या गच्च्यांवरचे पहिले मोठे संच येत्या दशकाच्या शेवटी उतरू लागतील, तोवर महानगर प्रदेशात असे एक तरी केंद्र उभे राहायला हवे.